किल्ली कोणाकडे?

गॅसवर चालणाऱ्या त्या वीज केंद्रात तिला सगळे कुलूपताई म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. एकोणीस वर्षं ती एकाच टेबलामागे बसत होती. टेबल होतं कंट्रोल रूम आणि टर्बाइनचा हॉल यांच्या मधल्या एका अरुंद खोलीत. एका बाजूला काचेपलीकडे पडदे आणि आकडे, दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर, आणि मध्ये ही बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन. तिच्या मागच्या भिंतीवर लाल रंगाच्या पत्र्याच्या पेट्या होत्या. सगळा कारभार त्या पेट्यांचा.

पद्धत अगदी साधी होती. एखादं युनिट, म्हणजे वीज बनवणारं एक यंत्र, दुरुस्तीला घ्यायचं तर आधी ते बंद करायचं आणि ज्या किल्लीवाचून ते चालूच होऊ शकत नाही ती किल्ली लाल पेटीत ठेवायची. मग यंत्रात जो जो माणूस उतरणार, त्यानं त्या पेटीवर स्वतःचं कुलूप लावायचं. कुलपावर त्याचा फोटो, आणि त्या कुलपाची एकुलती एक किल्ली त्याच्याच खिशात. पाच माणसं आत, तर पेटीवर पाच कुलपं. काम संपलं की ज्यानं त्यानं बाहेर येऊन आपलं कुलूप आपल्या हातानं काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत पेटी उघडत नाही, आणि पेटी उघडेपर्यंत यंत्र फिरत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

लहान पोरालाही समजेल अशी ही पद्धत. पण मोठ्या माणसांना साध्या गोष्टींचाच कंटाळा फार. कोणी म्हणे, "ताई, दोन मिनिटांचं काम आहे, कुलूप कशाला?" ताई म्हणे, "दोन मिनिटांचंच लाव." कोणी कुलूप काढताना सही न करता पळायला बघे, ती त्याला जिन्यावरून परत बोलावी. एकदा मोठे साहेब पाहुण्यांना यंत्र दाखवायला घेऊन निघाले, तर हिनं त्यांनाही अडवलं आणि पाहुण्यांच्या देखत फोटोवालं कुलूप आणायला लावलं. साहेब चार दिवस घुश्शात होते. तिचा नवरा बस डेपोत तिकीट तपासनीस होता, तो म्हणायचा, "माझ्यापेक्षा हिच्या हद्दीतून विनातिकीट सुटणं अवघड." यावर ती हसायची. मनातून तिला ते आवडायचंही. टायपिस्ट म्हणून लागलेली बाई, इंजिनिअरांच्या गर्दीत तिला कोण विचारणार होतं? या टेबलानं तिला किंमत दिली होती. एकोणीस वर्षांत तिच्या पेट्यांमध्ये एकही चूक नव्हती, हे ती कोणाला सांगत नसे आणि कधी विसरतही नसे.

त्या दिवशी दोन नंबरचं युनिट सकाळपासून बंद होतं. टर्बाइनमधून निघणारी तापलेली हवा ज्या पोलादी बोगद्यातून जाते, त्याला तिथं डक्ट म्हणतात. त्याच्या आतल्या पत्र्याला चीर गेली होती, ती जोडायला पाच जण आत उतरले होते. त्यांत एक वेल्डर होता आणि एक फिटर. हे दोघे नात्यातले. वेल्डरची थोरली बहीण फिटरला दिलेली. वेल्डर मोकळा, बडबड्या, विसरभोळा. फिटर अबोल, आणि हत्यारांच्या बाबतीत असा काटेकोर की पाने पुसून ओळीत लावल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही.

साडेबाराला काम संपलं. एकेक जण आला, कुलूप काढलं, सही केली, गेला. फिटर शेवटी आला. त्यानं आपलं कुलूप काढलं, सही केली आणि पेटीपाशी उगाच घुटमळला. पेटीवर आता एकच कुलूप उरलं होतं, वेल्डरचं.

"काय हवंय?" ताईनं विचारलं.

"काही नाही ताई," तो म्हणाला. कमरेची हत्यारांची पिशवी चाचपत क्षणभर थांबला आणि निघून गेला.

वेल्डर हातपाय धुऊन येईल, असं ताई समजली. तिनं डबा खाल्ला, सकाळचे कागद लावले. तासाभरानं तिनं वर पाहिलं तर कुलूप तसंच. फोटोतला वेल्डर तिच्याकडे बघून हसत होता. कुलूप काढायचं राहिलं की माणूस जिथं असेल तिथून त्याला परत बोलवायचं, हा नियम. आज याची चांगली खरडपट्टी काढायची, असं तिनं ठरवलं. युनिट तर उद्या सकाळी चालू व्हायचं होतं. घाई नव्हती.

दोन वाजून दहा मिनिटांनी पन्नाससाहेब तिच्या खोलीत जवळजवळ धावतच आले. हे शिफ्टचे प्रमुख. देशभरच्या तारांच्या जाळ्यातली, म्हणजे ग्रिडमधली, वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. मागणी वाढली आणि पुरवठा कमी पडला की तो आकडा पन्नासच्या खाली येतो. साहेबांचं रक्त त्या आकड्याबरोबर वरखाली व्हायचं, म्हणून हे नाव. एरवी आकडा पन्नासच्या खाली दोन दशांश गेला तरी ते पाणी मागत. आज त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, कोळशाचं ते मोठं केंद्र बंद पडलंय. अख्खंच. ग्रिडवरून फोन आहे, दोन नंबर ताबडतोब द्या म्हणतात. आपण नाही दिलं तर शहरं कापायला सुरुवात करतील. पेटी उघडा."

गॅसच्या केंद्राची हीच तर खासियत. कोळशाच्या भट्टीला तापायला अर्धा दिवस लागतो, गॅसचं टर्बाइन थोड्याच वेळात उभं राहतं. म्हणून दुसरा कोणी पडला की पहिला फोन इकडे.

"एक कुलूप आहे," ताई म्हणाली.

"कोणाचं?"

"वेल्डरचं."

"तो तर पाऊण वाजताच घरी गेला. गेटवर नोंद आहे, मी आत्ताच विचारून आलो."

"मग बोलवा त्याला."

"अहो, तो येईपर्यंत अर्धं राज्य अंधारात जाईल. फोन करा, त्याच्याकडून होकार घ्या आणि नारंगी फॉर्म भरा."

नारंगी फॉर्म म्हणजे मालकावाचून कुलूप तोडण्याची परवानगी. मालक बाहेर असल्याची खात्री, त्याचा होकार, शिफ्टप्रमुखाची सही आणि ताईची सही, एवढं झालं तरच ते तोडता येई. एकोणीस वर्षांत हा फॉर्म दोनदाच निघाला होता.

वेल्डरनं तिसऱ्या वेळेला फोन उचलला. मागून पोरीचा शाळेचा काहीतरी हट्ट चाललेला ऐकू येत होता.

"कुठं आहेस?" ताईनं विचारलं.

"घरी, ताई. का?"

"तुझं कुलूप इथं लटकतंय."

पलीकडे पोरीला 'थांब गं' म्हटलेलं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "अजून आहे? म्हणजे... राहिलंच वाटतं. विसरलो, ताई."

"युनिट चालू करायचंय. तोडू का?"

"तोडा," तो म्हणाला. "मी घरीच आहे ना."

ताईच्या मनात पाल चुकचुकली. 'अजून आहे?' असं तो का म्हणाला, हे तिला खटकलं. पण साहेब तिच्या डोक्यावर उभे होते, काचेपलीकडे तो आकडा खाली खाली चालला होता, आणि फोनमधून माणसाचा जिताजागता आवाज तिनं स्वतः ऐकला होता. ज्याचं कुलूप तो घरी आहे. आणखी काय पाहिजे?

तिनं फॉर्म ओढला. मालकाचं नाव. मालक कुठे आहे? घरी. कोणी खात्री केली? मी. चौथा रकाना होता, 'किल्ली कोणाकडे?' हा रकाना तिनंच आठ वर्षांपूर्वी भांडून घालून घेतला होता. तेव्हा इंजिनिअर हसले होते. किल्ली मालकाकडेच असणार, त्यात विचारायचं काय? ताईनं त्यात लिहिलं, 'मालकाकडे.' फोन अजून तिच्या कानाला होता. विचारायला दोन शब्द लागले असते. तिनं विचारलं नाही, लिहिलं, आणि खाली सही ठोकली. सही करताना तिचा हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि पुढे तिला याचाच सगळ्यात जास्त राग आला.

आता कुलूप तोडायचं म्हणजे लोखंड कापायची कातर हवी. ती होती स्टोअरच्या कपाटात. कपाटाला कुलूप, आणि स्टोअरकीपर किल्ली खिशात घालून जेवायला गेलेला. कुलूप तोडायचं हत्यार कुलपात ठेवणारी ही शहाणी माणसं. कोणीतरी कॅन्टीनकडे पळालं. पन्नाससाहेब फोनवर ग्रिडला सांगत होते, "देतोय, देतोय, पाच मिनिटं." एकानं डक्टच्या सगळ्या दारांवरून फिरून येऊन सांगितलं की दारं लागलेली आहेत. कंट्रोल रूममधल्या बाकीच्यांनी हात तयार ठेवले. आधी टर्बाइन नुसतं फिरवून डक्टमधून जोराची हवा मारायची, आत कुठं गॅस साचला असेल तर तो निघून जावा म्हणून, आणि मग पेटवायचं. पेटलं की त्या बोगद्यात पाचशे अंशांच्या वरची हवा सुटते. शहराचे तीन भाग ग्रिडनं तेवढ्यात कापले. ताईचं घर त्यांतल्याच एका भागात होतं.

कातर यायला अकरा मिनिटं लागली. स्टोअरकीपरनं ती तिच्या टेबलावर ठेवली आणि तोच जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. वेल्डर दारात उभा राहिला. डोक्यावर हेल्मेट तसंच, पायांत घरातल्या सपाता, छाती भात्यासारखी चाललेली.

"ताई, तोडलं का?"

"नाही अजून. बरा आलास. उघड चटकन."

तो जागचा हलला नाही. त्याचा हात खिशाकडे गेलाच नाही.

"किल्ली माझ्याकडे नाहीये," तो म्हणाला.

"मग कोणाकडे?"

"भाऊजींकडे. पोरीच्या शाळेत जायचं होतं, वर यायला वेळ नव्हता. त्यांना म्हटलं, माझं कुलूप तेवढं तुम्ही काढा, ताईंचं लक्ष नसताना. फोनवर सांगायला भ्यालो, दोघांवर शेकलं असतं. पण कुलूप अजून आहे म्हणालात, मग भाऊजींनी काढलं का नाही? तेव्हापासून त्यांना फोन लावतोय. लागतच नाहीये."

फिटर कुठं आहे, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याचं कुलूप निघालेलं, त्याची सही झालेली. त्याचा विचार करायचं कोणाला कारणच नव्हतं. गेटवर मात्र तो बाहेर गेल्याची नोंद नव्हती. ताई धावली. एकोणीस वर्षांत तिला कोणी धावताना पाहिलं नव्हतं. वेल्डर पुढे, ती मागे, तिच्यामागे पन्नाससाहेब.

डक्टचं दार लागल्यासारखं दिसत होतं, पण ते नुसतं लोटलेलं होतं. वेल्डरनं ते ओढलं आणि आत तोंड घालून हाक मारली. पत्र्यातून त्याचाच आवाज घुमत परत आला. दुसरी हाक. मग खूप आत एक उजेडाचा ठिपका हलला, आणि थोड्या वेळानं फिटर गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. अंग काजळीनं माखलेलं, हातात एक पाना.

"ओरडता कशाला?" तो म्हणाला. "सापडला." मग त्यानं तिघांचे चेहरे पाहिले आणि हातातला पाना खाली ठेवला.

झालं होतं असं. स्वतःचं कुलूप काढून तो मेहुण्याचं काढायची संधी बघत होता, तेवढ्यात पिशवीत एक पाना कमी आहे हे त्याच्या हाताला लागलं. यंत्रात हत्यार विसरणं म्हणजे फिटरची अब्रू जाणं. परत कुलूप लावायचं तर ताई विचारणार, का? त्यानं हिशेब केला, मेहुण्याचं कुलूप पेटीवर आहेच, त्याची किल्ली माझ्या खिशात आहे. म्हणजे मी काढेपर्यंत यंत्र चालू होणं शक्यच नाही. आत जाऊन गुपचूप पाना आणू. कोणी बघू नये म्हणून दार मागं लोटून घेतलं. पाना पत्र्याच्या फटीत घसरला होता, तो काढण्यात सगळा वेळ गेला. फोन तर त्या पोलादात लागतच नाही. त्याचा हिशेब चुकीचा नव्हताच म्हणा. पेटीवरचं ते कुलूप खरोखर त्याचंच झालं होतं. फक्त वर फोटो दुसऱ्याचा होता.

दोन नंबर चालू झालं तेव्हा तीन वाजून गेले होते. शहराचे तीन भाग पाऊण तास बंद होते. लोक लिफ्टमध्ये अडकले, दवाखान्यांत जनरेटर लागले, आणि सगळ्यांनी वीजवाल्यांना पोटभर शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. वेल्डर आणि फिटर मान खाली घालून उभे होते. मोठ्या साहेबांनी विचारलं, "मग कुलूप तोडलं की नाही?" पन्नाससाहेब म्हणाले, "तोडलं गेलं नाही, सर. वेल्डर स्वतः आला." हे खरंच होतं. मोठे साहेब ताईकडे वळले. "तुम्ही त्याला बोलावून घेतलंत. ग्रिडचा एवढा दबाव असताना हटून बसलात. मागे माझ्यावरही हटून बसला होतात." सगळे हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ताईनं तोंड उघडलं, पण टाळ्या चालू होत्या, आणि त्या थांबेपर्यंत बोलण्याची वेळ निघून गेली.

बाहेर आल्यावर पन्नाससाहेबांनी घडी केलेला नारंगी कागद तिच्या हातात ठेवला. त्यावर दोघांच्याही सह्या होत्या. "हा तुमच्याकडे ठेवा," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "किंवा नका ठेवू."

तिनं तो पर्समध्ये घातला. घरी नवऱ्यानं शेजाऱ्यांना सांगून ठेवलंच होतं, आमच्या हिनं एक जीव वाचवला. मुलीनं गळ्यात हात टाकले. ताई भांडी घासता घासता थांबायची आणि अकरा मिनिटं मोजायची. स्टोअरकीपर जेवायला गेला नसता तर? कपाट उघडं असतं तर? ज्या माणसाचं जेवण लांबतं म्हणून तिनं आयुष्यभर त्याला नावं ठेवली, त्याच्यामुळे तो फिटर घरी गेला. तिच्यामुळे नाही. तिच्याकडून तो गेल्यातच जमा होता.

रविवारी सकाळी ते तिघं घरी आले. फिटर, त्याची बायको आणि वेल्डर. बायको उंच, शांत चेहऱ्याची होती. आत आल्या आल्या तिनं ताईचे दोन्ही हात धरले आणि ती नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"तुम्ही नसता तर..." ती म्हणाली.

ताईनं हात सोडवून घेतले. ती आत गेली, पर्स घेऊन आली आणि तो कागद त्यांच्यासमोर टेबलावर उलगडून ठेवला. नवरा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला.

"मी सही केली होती," ताई म्हणाली. "कातर मिळत नव्हती म्हणून उशीर झाला. मी कोणाला थांबवलं नाही."

वेल्डर घाईघाईनं म्हणाला, "ताई, तुम्ही काय करणार? मी फोनवर खरं बोललो असतो तर..."

"चूक माझी आहे," फिटर म्हणाला. "दुसऱ्याच्या कुलपावर मी आत गेलो."

"तू खोटं बोललास, तुझे भाऊजी लपून आत गेले," ताई म्हणाली, "पण विचारायचं काम माझं होतं. फोन माझ्या कानाला होता. मी विचारलंच नाही. अंदाजानं लिहिलं."

"असं कसं म्हणता, ताई, मीच..." वेल्डर पुन्हा सुरू झाला.

फिटरची बायको इतका वेळ कागदाकडे बघत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग ताईकडे.

"तुमची वाटणी झाली की मला सांगा," ती हळूच म्हणाली. "कोणाची चूक किती ते. आणि मग माझ्या वाट्याला काय येणार होतं, तेही सांगा."

ती उठली आणि पायांत चपला सरकवून जिना उतरून गेली. दोघे पुरुष तिच्यामागे गेले. ताईच्या नवऱ्यानं ट्रे खाली ठेवला आणि तो तिच्या शेजारी बसला.

सोमवारी ताई आपल्या टेबलाकडे न जाता सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. ते चष्मा पुसत होते. तिनं नारंगी कागद त्यांच्यासमोर ठेवला, चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, हे मी न विचारता लिहिलंय."